पेटीला भोकं हवीत

परवा रात्री ताकभात संपवता संपवता आमच्या चिरंजिवांनी जाहीर केलं, की त्यांना नवं कॅबिनेट हवं आहे.

मी बँकेत कारकून. कारकुनाच्या डोक्यात कॅबिनेट म्हटलं की दोनच गोष्टी येतात. एक मंत्रिमंडळ आणि दुसरं फायली ठेवायचं लोखंडी कपाट. पहिलं आमच्या तीन खोल्यांत मावण्यासारखं नाही, आणि दुसरं मी दिवसाचे आठ तास पाहतोच. चौकशीअंती कळलं, की कॉम्प्युटरच्या ज्या खोक्याला आपण सगळे भाबडेपणाने ‘सीपीयू’ म्हणतो, त्याचं जाणत्यांमधलं नाव कॅबिनेट. खरा सीपीयू आत असतो, ग्लुकोजच्या बिस्किटाएवढा. आंब्याच्या पेटीलाच हापूस म्हणावं, तसलाच हा प्रकार.

चिरंजिवांनी मोबाइलवर फोटो दाखवला. तीन बाजूंनी काच, आत तांबडे-निळे-जांभळे दिवे. गणपतीचं मखर म्हणून सहज खपलं असतं.

“किंमत?”

“साडेनऊ हजार.”

“आत काय काय येतं?”

“काही नाही. रिकामं येतं.”

बी.कॉम.ला असताना आम्हाला ‘गुडविल’ नावाची एक चीज शिकवली होती. ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, पण ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला ऐटीत बसलेली असते. हे तिच्या बरोबर उलट. सगळं स्वच्छ दिसतंय आणि आत काही नाही! मी तोंड उघडणार, एवढ्यात आरामखुर्चीतून आवाज आला,

“त्याला भोकं आहेत काय?”

हे आमचे आप्पा. वय शहाऐंशी. बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता बोलायची त्यांची पद्धत आहे, आणि पहिला प्रश्न मुद्द्याचा विचारायची खोड आहे. चिरंजीव माझ्याकडे बघू लागले. आजोबांचा प्रश्न त्यांना वयोमानाचा वाटला. तो वयोमानाचा नव्हता, अनुभवाचा होता. पण ते कळायला थोडा इतिहास सांगायला हवा. वाचकहो, इतिहासात मला बेचाळीस मार्क होते. बेताने घ्या.

आमच्या रत्नागिरीत ‘पेटी’ या शब्दाला अर्थ दोन. एक वाजवायची, दुसरी आंब्याची. मुंबईच्या काही मंडळींत पेटी म्हणजे एक लाख रुपये असाही अर्थ आहे म्हणे, पण कारकुनाचा तिच्याशी संबंध फक्त मोजण्यापुरता. आंब्याची जुनी लाकडी पेटी आठवा. ओबडधोबड फळ्या, ठोकलेले खिळे आणि दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर फट. मुंबईच्या पाहुण्यांना वाटायचं, सुताराने लाकूड वाचवलं. तसं नव्हतं. आंबा पिकायला लागला की त्याला ऊब येते. भाताच्या पेंढ्यात रचलेल्या अढीत हात घालून बघा, ज्वर आलेल्या पोराच्या कपाळाला हात लावल्यासारखं वाटतं. ती ऊब बाहेर पडायला वाट नसेल तर वरचा आंबा देखणा दिसतो आणि खालचा कुजतो. आता लाकडी पेट्या जाऊन पुठ्ठ्याचे खोके आले, पण त्यांनाही गोल भोकं असतातच. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते फळाला. पेटीला कुणी विचारलं नाही.

जे रत्नागिरीच्या सुताराला ठाऊक होतं, ते कॉम्प्युटरवाल्यांना पुन्हा पुन्हा शिकावं लागलं. त्यांचा सगळा इतिहास माझ्या मते एवढाच आहे.

आपल्या महाराष्ट्रापासूनच सुरुवात करू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली एक कॉम्प्युटर चालू झाला. तो आपल्याच लोकांनी बांधलेला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं ‘टिफरॅक’ असं बारसं झालं. आत सुमारे २७०० व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत पेटायच्या त्या काचेच्या नळ्या. आणि पेटी? अठरा फूट लांब, आठ फूट उंच, अडीच फूट खोल असा पोलादी सांगाडा. चाळीतल्या बिऱ्हाडाला पुरेल एवढी लांबी! पण एक गोष्ट पाहा. त्या सांगाड्याला दोन्ही बाजूंनी पोलादी दारं होती. दार उघडा, हात घाला, बिघडलेली नळी शोधा. त्या पेटीला रूप म्हणून काही नव्हतं. गोदरेजच्या कपाटांची रांग असावी तसली ती होती. पण ज्याला ती उघडायची आहे, त्याची आठवण ठेवून ती बांधलेली होती.

पुढे यंत्र आकसलं आणि टेबलावर आलं. टेबलावर आलं म्हणजे चारचौघांत आलं, आणि चारचौघांत यायचं म्हणजे कपडे नीट हवेत. अमेरिकेत १९७७ मध्ये ‘अ‍ॅपल टू’ आला तो प्लॅस्टिकच्या सुबक पेटीत. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी आणला. आडवी, चपटी, पत्र्याची पेटी आणि डोक्यावर पडदा. या पेट्यांचा रंग मळकट पांढरा, चहात दूध जास्त झाल्यासारखा. लोक त्या रंगाला हसतात. मी हसणार नाही. कचेरीत जे काही येतं, ते आधीपासून तिथेच होतं असं वाटलं पाहिजे. भडक लाल रंगाचं यंत्र टेबलावर ठेवलं असतं तर हेडक्लार्कने दुसऱ्याच दिवशी बदली मागितली असती.

आणि पत्रा का? तर आत वीज इतक्या वेगाने नाचते, की उघडं ठेवलं तर शेजारचा रेडिओ खरखरतो. आकाशवाणी रत्नागिरी ऐकत बसलेल्या माणसाला घरघर ऐकू यायची. पत्र्याची पेटी ती खरखर आतच अडवून धरते. म्हणजे पेटीला दोन कामं. आतला गोंगाट बाहेर जाऊ द्यायचा नाही आणि आतली ऊब बाहेर गेलीच पाहिजे. संयुक्त कुटुंबातल्या थोरल्या सुनेची ही अवस्था आहे.

हे दुसरं काम विसरल्यावर काय होतं, ते अ‍ॅपल कंपनीला १९८० मध्येच कळलं होतं. ‘अ‍ॅपल थ्री’ नावाचं यंत्र त्यांनी काढलं. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा नाही. रूप बिघडेल म्हणून झरोके नाहीत. ॲल्युमिनियमचं अंग आहे, त्यातून ऊब जाईल, असा हिशेब. ती गेली नाही. आतल्या चिपा तापून आपापल्या जागेवरून उचलल्या जायच्या. त्यावर कंपनीकडून असा उपाय सुचवला गेल्याचं सांगतात, की यंत्र टेबलावरून दोन-तीन इंच उचला आणि सोडून द्या. आपटलं की चिपा परत बसतील! आमच्याकडे रेडिओला आणि पुढे टीव्हीला हाच उपचार होता. फक्त तो शोध आपला आहे असं आम्ही समजत होतो. शेवटी कंपनीला सुमारे चौदा हजार यंत्रं बदलून द्यावी लागली.

आता आपण रत्नागिरीला येऊ, कारण ही पेटी आमच्या घरात कशी शिरली ते तिथे आहे.

बँकांमध्ये यंत्र आणायचं की नाही, यावर तेव्हा मोठा तंटा होता. १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला. मग शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं हळूहळू उतरू लागली. आप्पा पक्के युनियनवाले. छातीवर बिल्ला लावून दारासमोर उभे राहिलेले. त्यांचा राग त्या यंत्रावर नव्हता. “एका यंत्रात किती खुर्च्या मावतात ते सांगा,” एवढंच ते विचारायचे. घरात आम्ही तिघं भावंडं, आजीचं दम्याचं औषध आणि पगार एक. प्रश्न अगदी बरोबर होता.

१९९० च्या सुमारास आमच्या गावच्या शाखेत यंत्र आलं. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी, दाराला पाटी: ‘चपला बाहेर काढाव्यात’. देवळात जेवढ्या श्रद्धेने माणसं जात नसतील, तेवढ्या श्रद्धेने कारकून त्या खोलीत जायचे. दसऱ्याला पूजा झाली. हळदकुंकू पत्र्यावर ठीक होतं, पण एका उत्साही शिपायाने अक्षता नेमक्या फ्लॉपीच्या फटीत वाहिल्या. दोन दाणे महिनाभर आत खुळखुळत होते.

त्या पेटीला समोरून कुलूप होतं. आयबीएमने १९८४ च्या ‘एटी’ यंत्राला कुलूप बसवलं आणि मग तशा सगळ्याच पेट्यांना ते आलं. बारीक गोल किल्ली फिरवली की कीबोर्ड मुका. बँकेच्या माणसाला हे फार आवडलं. आत काय आहे ते कळत नसलं तरी कुलूप कळत होतं.

आणि त्या पेटीला झबलं होतं. धुळीने यंत्र बिघडतं असं साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी उरलेल्या पडद्याच्या कापडाचं, खाली झालर असलेलं, आवरण शिवून घेतलं. पुढून कापून मोकळं ठेवलं, म्हणजे चालू असतानाही अंगावर राहील. नव्या नवरीच्या डोक्यावरचा पदर ढळू नये, तसा तो जपला जाई.

मे महिना आला. एसी बंद पडला. तो दुरुस्त व्हायला कोल्हापूरहून माणूस यायचा होता आणि तो आंबा घाटात कुठेतरी अडकलेला असायचा. रोज दुपारी बाराच्या सुमारास यंत्र थांबू लागलं. पडदा गोठल्यासारखा, आणि सकाळपासूनच्या नोंदी गेल्या. एकदा, दोनदा, तीनदा. त्या आठवड्यात पाळी आप्पांची होती. यंत्राच्या विरोधात बिल्ला लावणारा माणूस, आणि यंत्र नेमकं त्याच्या हाताखाली बंद पडतं! कुणी तोंडावर बोललं नाही. पण आप्पा आले की चहाच्या टेबलावरचं बोलणं थांबू लागलं. चौथ्या दिवशी मेमो आला: ‘तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.’ बावीस वर्षांच्या नोकरीत एका पैशाचा फरक न आलेल्या माणसाला. त्या रात्री आप्पा जेवले नाहीत, आणि आईने त्यांना आग्रह केला नाही, यावरून मला, दहा वर्षांच्या पोराला, प्रकरण गंभीर आहे एवढं समजलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या सुट्टीत डबा घेऊन गेलो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. यंत्र नुकतंच पुन्हा थांबलं होतं. साहेब कमरेवर हात ठेवून उभे. आप्पांनी काही न बोलता झालर वर केली आणि आवरणाच्या आत, पेटीच्या मागे, हात घातला. दोन क्षण तसाच ठेवला. मग म्हणाले,

“साहेब, ही अढी लागलीय.”

साहेब घाटावरचे. त्यांना अढी म्हणजे मनातली, तेवढीच ठाऊक. “कुणाच्या मनात?” ते चिडून म्हणाले.

आप्पांनी सरळ आवरण उतरवलं. पेटीच्या मागे पंखा होता, आतली तापलेली हवा बाहेर फेकणारा, आणि त्याचं तोंड दिवसभर झालरीच्या कापडाने दाबून धरलं होतं. कॅशच्या केबिनमधला उभा पंखा आणून त्यांनी पेटीपुढे ठेवला. अर्ध्या तासाने यंत्र चालू झालं आणि संध्याकाळपर्यंत चाललं. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरचा इंजिनिअर आला. त्याने तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत आणि बिलासकट.

मेमोचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. माफीही कुणी मागितली नाही. पण साहेबांनी त्या पेटीची बारीक किल्ली आप्पांच्या हातात दिली आणि म्हणाले, “तुमच्याकडेच असू दे.” आप्पांनी ती कॅशच्या जुडग्यात अडकवली. निवृत्त होताना तिजोरीच्या किल्ल्या त्यांनी सही घेऊन परत केल्या. पण ते यंत्र तोवर केव्हाच भंगारात गेलं होतं, त्यामुळे बारीक किल्ली कुठल्याच यादीत नव्हती. ती अजून आमच्या घरच्या जुडग्यात आहे.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. आडवी पेटी उभी राहिली. आयबीएमने १९८७ मध्येच जमिनीवर उभी ठेवायची पेटी काढली होती. आपल्याकडे टेबलं लहान, म्हणून ती टेबलाखाली गेली. टेबलाखाली गेल्यावर तिला माणसांच्या लाथा, केरसुणी आणि फरशी पुसायचं पाणी असा तिहेरी प्रसाद मिळू लागला. १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ नावाचं माप ठरवून दिलं. स्क्रूचं भोक कुठे, कार्डाची फट कुठे, सगळं ठरलेलं. मग एकाची पेटी, दुसऱ्याचं बोर्ड, तिसऱ्याचा पंखा, असा संसार थाटता येऊ लागला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे आणि रत्नागिरीत जोडायचे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर तर हे भाग आंब्याच्या उलट दिशेने गाडीतून येऊ लागले.

त्याच १९९८ मध्ये अ‍ॅपलने निळ्या पारदर्शक प्लॅस्टिकचा ‘आयमॅक’ आणला आणि मळकट पांढऱ्या रंगाचे दिवस भरले. तोपर्यंत आमच्या शाखेतल्या पेट्या खिडकीतल्या उन्हाने पिवळ्या पडून जुन्या पासबुकासारख्या दिसायला लागल्या होत्या. मग सगळ्या पेट्या काळ्या झाल्या. काळ्यावर डाग दिसत नाही, एवढा एक व्यवहार त्यात होता.

पण शहाणपण टिकतंय कुठे? २०१३ मध्ये त्याच अ‍ॅपलने आपलं सगळ्यात दांडगं यंत्र काळ्या चकचकीत नळकांड्यात बसवलं. इतकं देखणं, की लोकांनी त्याला कचऱ्याचा डबा म्हटलं तेही कौतुकाने. २०१७ मध्ये कंपनीनेच कबूल केलं, की या आकारात ऊब काढायला जागाच ठेवली नाही, त्यामुळे नवे ताकदवान भाग बसवता येत नाहीत. २०१९ मध्ये नवी पेटी आली. तिला पुढून-मागून भोकंच भोकं. हुबेहूब किसणी. रत्नागिरीच्या सुताराला विचारलं असतं तर त्याने चहावर सांगितलं असतं.

आणि गरज वाढतेच आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीला आतला वीजपुरवठा होता ६३.५ वॅटचा, म्हणजे घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढा. चिरंजिवांना हवा आहे साडेसहाशे वॅटचा. खेळ रंगला की माणूस इस्त्री चालू ठेवून बसल्यासारखा बसणार. ती इस्त्री काचेच्या मखरात!

मात्र भोकं ठेवली की आमच्या कोकणात भोकांतून फक्त हवा जात नाही. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारा वारा. आत मुंग्या जातात, पाल जाते, आणि ओल तर न विचारता जाते. स्क्रू एका पावसाळ्यात तांबडे होतात. यावरही उपाय आप्पांचाच. जुलै-ऑगस्टमध्ये यंत्र रोज तासभर तरी चालवायचं, काम असो-नसो. पूर्वी कपड्यांच्या कपाटात ओल धरू नये म्हणून बल्ब लावून ठेवत, तसं. उन्हाळ्यात जी ऊब मारते, तीच पावसाळ्यात जगवते.

एवढं सगळं चिरंजिवांना सांगून झाल्यावर त्यांनी मुकाट्याने काचेचं मखर बाजूला केलं आणि पुढून जाळी असलेली, आत धूळ अडवायची गाळणी असलेली, साधी काळी पेटी शोधली. चार हजार दोनशे. एका बाजूला काच आहेच, पण तरुण माणसाला तेवढं द्यावं लागतं.

पेटी आली, जोडणी झाली. आप्पा काठी टेकत आले आणि मागच्या बाजूला तळहात धरून उभे राहिले. पंख्याची गरम फुंकर हातावर येत होती. मान हलवली. मग वाकून पेटीची पुढची बाजू नीट बघितली.

“कुलूप कुठाय रे?”

“आता नसतं, आजोबा. पासवर्ड असतो.”

“हो काय?” आप्पा म्हणाले. खिशात गेलेला त्यांचा हात तसाच परत आला. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझ्या शाखेत आता कितीजण आहात?”

मी लागलो तेव्हा काउंटरला चौदा खुर्च्या होत्या. आता चार आहेत. आणि पेटी म्हणाल तर पडद्यामागे चिकटवलेला, डब्याएवढा तुकडा. खाती कुठल्या गावी ठेवलेली असतात ते आम्हालाही माहीत नाही.

“चार,” मी म्हटलं.

आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी १९८३ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं होतं, आणि ते त्यांना आधीच माहीत होतं. ते पुन्हा आरामखुर्चीत जाऊन बसले. जुडगा खिशात वाजला.

मी उगाचच पुठ्ठ्याचं रिकामं खोकं उचललं, बाहेर टाकायला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमची ही धावत आली.

“टाकू नका हो ते! भोकं आहेत त्याला. कांदे छान राहतील.”